थँकफुलीपंत

सरकारी किंवा निमसरकारी खात्यात उभी हयात इमानेइतबारे घालवून आणि फंडाची रक्कम गाठीशी बांधून उपनगरातल्या एखाद्या सहकारी गृहसंस्थेत जी निवृत्त मंडळी स्थिरावतात, त्यांत निदान एक तरी थँकफुलीपंत असावाच लागतो. किंबहुना संस्थेच्या नोंदणीच्या दस्तऐवजांतच त्याची तरतूद केलेली असावी, असा मला दाट संशय आहे. पंतांचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले, पुढे रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने तासलेले आणि कचेरीतल्या मसुद्यांनी कायमचे ताठ झालेले. परंतु सेवानिवृत्तीनंतर चिरंजीवांच्या बिऱ्हाडी न्यू जर्सीस मुक्काम करून परतताना 'थँकफुली' हे एक क्रियाविशेषण ते जकात अधिकाऱ्यांच्या नजरेस न पडता बरोबर घेऊन आले, आणि त्या दिवसापासून आम्हा शेजाऱ्यांस साडेसाती लागली.

सर्वसामान्य माणसाच्या घरी सकाळी दूध येते. पंतांच्या घरी ते "थँकफुली" येते, आणि रात्रीतून गवळ्यांनी संप पुकारला होता की काय, अशा शंकेने ऐकणाऱ्याचा चहा कडू होतो. पंतांच्या विश्वात कोणतीही गोष्ट सरळ म्हणून घडत नाही. न घडण्याच्या यच्चयावत शक्यतांतून बालंबाल बचावूनच ती घडते. लोकल वेळेवर आली, "थँकफुली". पासबुकात व्याजाची रक्कम चढली, "थँकफुली". जावयाने पानात काही टाकले नाही, "थँकफुली". सुटकेचा निःश्वास टाकावयाचा तर आधी संकट हवे, आणि जेथे ते नसेल तेथे कल्पनेने उभे करण्याचे श्रम पंत आनंदाने घेतात. रुग्णाच्या समाचारास गेले म्हणजे प्लास्टरात जखडलेला पाय क्षणभर न्याहाळून "थँकफुली, इट इज ओन्ली द लेफ्ट वन" असे ते उद्गारतात, आणि तोवर उजव्या पायाविषयी सर्वस्वी निश्चिंत असलेला तो बिचारा रात्रभर उजवाच पाय चाचपत पडतो.

या शब्दावर पहिली हरकत नोंदवली ती दुसऱ्या मजल्यावरच्या, इंग्रजी शिकवण्यात केस पांढरे केलेल्या मास्तरांनी. फाउलरचा १९२६ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी प्रयोगांचा कोश त्यांच्या देवघराशेजारच्या फळीवर असतो आणि वादाच्या प्रसंगी तो देवांच्याही आधी खाली उतरतो. मास्तरांचे म्हणणे असे की, थँकफुली म्हणजे कृतज्ञतेने. तेव्हा दूध कृतज्ञतेने आले म्हणजे नेमके कसे आले? पिशवीने आपणांस नमस्कार केला काय? यावर पंतांनी चिरंजीवांकडून मागवलेला पुरावा रुजू केला : साठीच्या दशकापासून 'होपफुली' या अशाच क्रियाविशेषणावर शुद्धिवाद्यांनी आग पाखडली होती, पण असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने २०१२ साली त्याचा नवा प्रयोग ग्राह्य धरला. मास्तर शांतपणे म्हणाले, "पंत, तो निकाल चुलतभावाच्या दाव्यातला. त्यावरून आपली वहिवाट कशी शाबीत होते?"

मला स्वतःला या दाव्यात व्याकरणापेक्षा पंतांची सोय अधिक दिसते. वाक्याच्या माथ्यावर बसलेल्या या शब्दात कृतज्ञता आहे, परंतु ती कोणाची आणि कोणाप्रत, याचा रकाना कोरा आहे. संस्कृत नाटकांतली पात्रेदेखील संकट टळले म्हणजे 'दिष्ट्या' म्हणतात. पण पाठोपाठ 'वर्धसे' म्हणून समोरच्या माणसाचे अभिनंदन करून मोकळी होतात. पंतांची गाडी पहिल्याच पदावर थांबते. गेल्या पावसाळ्यात लिफ्ट बंद पडली असता तळमजल्यावरच्या पोराने पंतांचा भरलेला गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन चौथा मजला गाठला. पोर उंबऱ्यात धापा टाकत उभे, आणि पंत त्याच्या डोक्यावरून जिन्याकडे पाहत आम्हांस सांगताहेत, "थँकफुली, समबडी वॉज अॅट होम!" त्या समबडीस त्या दिवशी पाण्याचा पेलाही मिळाला नाही, कारण आभार तर मानून झाले होते, आणि एकाच बाबीचा खर्च दोनदा टाकणे हे पंतांच्या हिशेबी शिस्तीत बसणारे नव्हते.

अशा गृहस्थाकडे यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आभारप्रदर्शनाचे काम सोपवण्याची बुद्धी चिटणीसांना का झाली, हे त्यांनाच ठाऊक. सभा साडेतीन तास चालली. टाकीची गळती, पार्किंगचा तंटा, थकबाकीदारांची कैफियत आणि गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचे मालकी हक्क, इतक्या विषयांचा निकाल न लागता रात्रीचे साडेनऊ वाजले, तेव्हा पंत उठले. त्यांच्या हातात यादी होती : खुर्च्या मांडणारे, ध्वनिक्षेपक जोडणारे तेच तळमजल्यावरचे पोर, चहा देणाऱ्या भगिनी, हिशेबतपासनीस. पंतांनी चष्मा पुसला, यादीवरून एकवार नजर फिरवली, ती घडी घालून खिशात ठेवली आणि ध्वनिक्षेपकापाशी तोंड नेऊन गंभीरपणे म्हणाले, "थँकफुली, द मीटिंग इज ओव्हर."

संस्थेच्या इतिहासात कोणत्याही भाषणास असा टाळ्यांचा कडकडाट लाभला नसेल. अध्यक्षांपासून थकबाकीदारांपर्यंत एकूणएक सभासदांच्या मुद्रेवर जी निर्भेळ कृतज्ञता उमटली होती, ती पाहून मास्तर गर्दीतून वाट काढत पंतांपाशी गेले आणि त्यांचा हात हाती घेऊन म्हणाले, "पंत, आजचा प्रयोग मात्र शुद्ध!"