‘हार्ड’ची सक्तमजुरी

परवा सकाळी कोल्हापुरातल्या कळंबा तलावावरून फिरून येताना शेजारून एक बुलेट फटाके फोडत गेली. नंबर टिपून घ्यावा म्हणून पाटी पाहिली, तर तिच्यावर नंबराऐवजी दोनच शब्द होते : ‘विषय हार्ड’. आता पोलिसांनी पावती फाडायची तर कुणाच्या नावानं फाडायची?

मी इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. 35 वर्षं पोरांना सांगत आलोय की ‘हार्ड’ म्हणजे कठीण. आता पोरंच मला शिकवायला लागलीत, “सर, हार्ड म्हंजे भारी.” पेपर हार्ड गेला तर पोरगं बोंबललं, पण एंट्री हार्ड झाली तर पोरगं गाजलं. मिसळीचा कट हार्ड, दोस्ताच्या वाढदिवसाचा डिजिटल फलक हार्ड, शाहू स्टेडियमवर शेवटच्या मिनिटाला बसलेला गोलही हार्ड. एका आईनं निकालादिवशी विचारलं, “गणितात किती पडलं?” चिरंजीव म्हणाले, “विषय हार्ड, आई.” त्या माउलीनं पेढे आणायचे की पायताण काढायचं?

व्याकरणही आपण आपल्याला सोयीचं करून घेतलंय. इंग्रजांच्या तीन पायऱ्या : हार्ड, हार्डर, हार्डेस्ट. आपल्याही तीनच : हार्ड, लई हार्ड आणि ‘विषयच हार्ड’. त्याच्यावर शब्द नाही, नुसती मान हलवायची. विषय कुठला, हे मात्र विचारायचं नाही. विचारणारा बाहेरगावचा धरला जातो.

मोल्सवर्थ आणि कँडी या साहेबांनी 1847 साली इंग्रजी-मराठी कोश छापला. एका इंग्रजी शब्दापुढं मराठी शब्दांची रांग लावायची, असा त्यांचा खाक्या. बिचाऱ्यांना काय ठाऊक, की पुढं रांगच उलटी फिरेल आणि रांगेतल्या सगळ्यांच्या जागी एकटा ‘हार्ड’ भरती होईल! आपल्याकडं प्रत्येक कठीणपणाला वेगळा माणूस नेमलेला होता. भेंडी निबर, सुपारी टणक, मटण चिवट, घाट अवघड, प्रसंग बिकट, हिशेब किचकट, विहिरीचं पाणी जड. नवं पायताण कडक; ते चावायचं, मग तेल पाजलं की वळणावर यायचं. भेंडीला ‘बिकट’ म्हणायची आणि प्रसंगाला ‘निबर’ म्हणायची कुणाची टाप नव्हती. आता भेंडीपासून प्रसंगापर्यंत सगळं हार्ड. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, तेव्हा आमच्या चौकातही फलक लागला होता. त्यावरचा मजकूर काय होता, हे मी सांगत नाही. विषय तुमच्या लक्षात आलाच असेल.

मग हे निबर, टणक, बिकट सध्या करतात काय? याचं उत्तर कळंब्यातच आहे. इथं तलाव आहे तसं मध्यवर्ती कारागृहही आहे. मी कळंब्याला असतो म्हटलं की पाहुणे आधी विचारतात, “आत की बाहेर?” 1860 च्या दंड संहितेच्या कलम 53 मध्ये कैदेचे दोन प्रकार सांगितले होते. एक सश्रम, म्हणजे साहेबाच्या भाषेत ‘हार्ड लेबर’सह, आपण तिला सक्तमजुरी म्हणतो. दुसरी साधी, तिच्यात काम करायची सक्ती नाही. 1 जुलै 2024 ला न्याय संहिता आली, कलमाचा नंबर 53 चा 4 झाला, पण हार्ड लेबर जागच्या जागी राहिलं. याच कारागृहातल्या बंद्यांनी वळलेले लाडू काही वर्षं अंबाबाईच्या भक्तांना प्रसाद म्हणून मिळायचे. मजुरी सक्तीची, पण तिचं फळ गोड.

भाषेत आपण नेमका हाच निकाल दिलाय. ‘हार्ड’ला सक्तमजुरी : पहाटेच्या मिसळीपासून रात्रीच्या डीजेपर्यंत राबराब राबायचं, रजा नाही, पॅरोल नाही. आणि आपल्या घरच्या शब्दांना साधी कैद : कोशात बसायचं, काम मागायचं नाही. गुन्हा कुणाचा, हे विचारू नका. आरोपी, फिर्यादी आणि न्यायाधीश आपणच आहोत.

मागल्या आठवड्यात एका पोरानं ‘माझे वडील’ हा निबंध इंग्रजीत लिहून आणला. त्यातलं वाक्य होतं : ‘माय फादर वर्क्स हार्डली.’ ‘ली’ लावलं की इंग्रजी जास्त पक्कं होतं, असा त्याचा समज. प्रत्यक्षात ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम. पहाटे चारला उसाला पाणी पाजायला जाणारा बाप पोरानं एका ‘ली’नं ऐतखाऊ करून टाकला होता. आणि खाली पालकांची सही म्हणून त्याच बापाची सही!

संध्याकाळी ते पोराला न्यायला आले. “सर, काय लिवलंय ओ माझ्याबद्दल?”

“तुम्ही लई राबता, असं लिहिलंय.”

“मग बरोबर हाय की!”

त्यांनी वही हातात घेऊन पानावरनं बोटं फिरवली. कागद चरचरला. उसाच्या पाल्यानं कापलेल्या त्या हाताला काही केल्या हार्ड म्हणवेना. कोशात बसून असलेला ‘राठ’ त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी कामावर आला. मी लाल पेननं तेवढं ‘ली’ खोडलं.

जाताना त्यांनी पोराच्या पाठीत हलकी थाप मारली. “अभ्यास कर जरा. विषय हार्ड हाय.”

पोरगं खूश झालं.