पोकलेन यंत्रास खुले पत्र

प्रति,
श्रीयुत पोकलेन यंत्र,
मुक्काम नाल्यात, जिल्हा वर्धा.

विषय : नाला खोलीकरणाच्या हिशेबात राहून गेलेली बाजू.

गाळ, झुडपे आणि काठ काढून पात्र खोल व रुंद करणे म्हणजे नाला खोलीकरण. वर्धा जिल्ह्याला हे काम नवे नाही. सेलू तालुक्यातून या कामाचा ‘तामसवाडा पॅटर्न’ राज्यभर गेला. यशोदा नदीच्या खोऱ्यात कमलनयन जमनालाल बजाज फाउंडेशनने नाले मोकळे केले. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या जलयुक्त शिवार अभियानाने तर यंत्राचा गावोगाव पाहुणचार केला. जिथे काम नीट झाले तिथे पुराचे पाणी शेतात घुसायचे थांबले आणि विहिरींना पाणी चढले. हे श्रेय यंत्राने खुशाल घ्यावे.

हिशेब मात्र टीसीएममध्ये होतो. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, अर्थात दहा लाख लिटर. जेवढे खोदले तेवढे साठले, इतके हे गणित सुटसुटीत. त्यात डोहाला रकाना नाही. मूळ नाल्यात डोह आणि उथळ, खडकाळ टप्पे आलटूनपालटून येतात. उन्हाळ्यात धार तुटली की मासे डोहात तग धरतात आणि त्यांवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांची चूल चालते. काठची लव्हाळी व पानकणीस माती धरून ठेवतात, शेतातून वाहून येणारे खत अडवतात. खंड्या काठाच्या उभ्या मातीत बीळ करतो. यंत्र या सगळ्याचा एकसारखा चर करून देते, तोही वेळेत.

जमिनीखालचा व्यवहार आणखी नाजूक. इथल्या बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांत राहते. पात्र त्या थराखाली गेले, तर आजूबाजूचे भूजल चरात पाझरून पुढे निघून जाते. जिरवण्यासाठी खणलेला नाला मग निचऱ्याचे काम करतो.

अशा नुकसानीच्या भरपाईचे म्हणाल, तर वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवली की पर्यायी वनीकरण करावे लागते. त्याच्या निधीसाठी २०१६ चा कायदा आहे. नाल्याच्या नशिबी तसे काही नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांनी नदीपात्रे आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले आहेत. अमेरिकेत पाणथळीत भराव घालणाऱ्याला क्रम पाळावा लागतो : नुकसान आधी टाळावे, मग कमी करावे, उरलेले भरून द्यावे. भरपाईही शक्यतो त्याच खोऱ्यात.

तोच क्रम यंत्रालाही झेपेल. एका काठाला हात लावू नये. डोह आणि वळणे राखावीत. पाणलोटाच्या माथ्यावर समतल चर झाल्यावरच पात्रात उतरावे. खणलेल्या काठावर करंज, उंबर, अर्जुन लावावेत आणि पूर पसरतो त्या सखल जागा पाणथळ म्हणून सोडाव्यात. गाळ शेतात पोचवावा. काठावर टाकलेला गाळ पावसात परत पात्रात येतो आणि यंत्राला पुन्हा आवतण जाते, ही सोय बंद व्हावी.

मे महिन्यातील विहिरींची पातळी, पाणी टिकलेल्या पात्राची लांबी आणि डोहातील माशांच्या जाती, ही तीन मापे मोजमाप पुस्तिकेत चढेपर्यंत यंत्राचे अंतिम देयक रोखून ठेवावे.