लेक टच घेताना घ्यावयाची काळजी

पुण्याच्या पश्चिमेला तळ्याकाठी जागा घ्यायचं पक्कं झालं असेल, तर एक गैरसोयीची गोष्ट आधीच मान्य करून टाकावी. तिथे तळं नाही. पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी ही धरणं आहेत. निसर्गाने स्वतः केलेलं सरोवरच हवं असेल तर लोणारला जावं. तिथलं विवर उल्केने पाडलंय, पाणी खारट आहे आणि भोवती अभयारण्य आहे. एजंट मात्र भेटणार नाही.

पश्चिमेकडे एजंट भरपूर. त्यांच्याकडे मालाच्या तीन प्रती असतात. ‘लेक व्ह्यू’ म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढलं की पाणी दिसतं. ‘लेक टच’ म्हणजे पाणी प्लॉटला टेकतं. कधी टेकतं ते विचारायचं नसतं. ‘लेक टच विथ प्रायव्हेट जेटी’ म्हणजे तेच, फक्त काठाला निळे ड्रम बांधून त्यावर फळ्या ठोकलेल्या. प्रस्तुत मार्गदर्शन या तिसऱ्या वर्गातल्या गिऱ्हाइकांसाठी आहे. पहिल्या दोन वर्गांनी हवं तर वाचावं, पण मध्ये बोलू नये.

सुरुवात शेतकरी होण्यापासून करावी लागते. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून हिंजवडीत संगणकासमोर आयुष्य काढलेल्या माणसाला एके दिवशी आपल्या घराण्याची आठवण होते. कोकणातल्या कुठल्याशा सातबाऱ्यावर, दोन गुंठे वरकस आणि एका रातांब्यावर हक्क सांगणाऱ्या नावांच्या रांगेत, आजोबांचं नाव सापडतं. मग ज्या काकांशी वडिलांनी बोलणं टाकलं होतं त्यांना फोन करून ‘काका, तब्येत कशी आहे?’ असं विचारावं. काका समजून जातात. तेही विचारतात, ‘पवना की पानशेत?’

शेतकरी व्हायचं नसेल तर एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट घ्यावा. एजंटच्या तोंडी एनए बहुधा भविष्यकाळात असतं: होणार आहे, फाइल वर गेली आहे, साहेबांची सही राहिली आहे. आदेशाची प्रत मागितली की तो चहा मागवतो. तुकडेबंदीचा, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायच्या बंदीचा, विषय काढलात तर भजीही मागवतो. २०२३ साली राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीचं किमान क्षेत्र २० आर (म्हणजे जवळपास तितकेच गुंठे) आणि बागायतीचं १० आर ठरलं. नंतर सवलतींच्या चर्चा आणि निर्णय येत राहिले, आणि प्रत्येक बातमीचं कात्रण एजंटच्या मोबाइलमध्ये असतंच. तीन गुंठे घ्यायचे तर सहसा असा तोडगा निघतो की दहाबारा अनोळखी माणसं मिळून एकाच सातबाऱ्यावर चढतात. कागदोपत्री तुमच्या स्वयंपाकघरात नागपूरच्या एका दंतवैद्यांचा अविभक्त हिस्सा येतो आणि त्यांच्या पोहण्याच्या तलावात तुमचा. संबंध चांगले ठेवावेत.

सातबारा वाचताना मालकाचं नाव बघून हुरळू नये. ‘इतर हक्क’ हा रकाना पाहावा. तिथे काही नसलं तर फेरफार काढून पाहावेत, आणि फेरफारांतही काही नसलं तर घाबरावं. गावात मोठी झालेली आणि डोंबिवलीला दिलेली एखादी आत्या हिस्सेदार असतेच. एजंट म्हणतो, ‘आत्यांचं काही नाही, त्या सही देतील.’ सही आत्या देतात, पण दर कळल्यावर. जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, उदाहरणार्थ धरणग्रस्ताला पुनर्वसनात मिळालेली असेल, तर ती परवानगीवाचून विकता येत नाही. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे कमी-जास्त पत्रक, बोलीभाषेत कजाप. धरणासाठी जमीन संपादन झाली, मोबदला वाटला गेला, पाणी चढलं, पण कजापचा अंमल सातबाऱ्याला द्यायचा राहून गेला, असं घडतं. सातबाऱ्यावर मूळ मालक तसाच उभा राहतो, गळ्यापर्यंत पाण्यात. अशी जमीन घेतल्यास धक्क्याचा खर्च वाचतो. होडी थेट प्लॉटवरच आणता येते.

आता पाण्याकडे वळू. हा भाग लक्ष देऊन वाचावा, कारण माहितीपत्रकात तो नसतो. तुमच्या जमिनीच्या तीन बाजूंना कोण आहे ते चतुःसीमेत लिहिलेलं असतं. चौथ्या बाजूला ‘जलाशय’ एवढंच असतं. पण त्या बाजूचा शेजारी हलता आहे, आणि तो कुठवर हलायचा ते दुसरीकडे ठरतं. पानशेत साडेदहा टीएमसीहून थोडं मोठं धरण आहे. ते भरतं पावसाने, पण रिकामं होतं पुणे शहराच्या नळांनी आणि खडकवासल्यातून निघणाऱ्या कालव्याने. उन्हाळी आवर्तन किती आणि कधी, ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. तिथे दौंड-इंदापूरकडची मंडळी तावातावाने बोलत असतात. इंदापूरचा ऊस वाळायला लागला की पानशेतला तुमची होडी टेकते. पवनेचं पाणी नदीने खाली जातं आणि रावेतला उचललं जातं. तिथे पिंपरी-चिंचवडकरांनी गाड्या धुतल्या की तुमचा किनारा मागे सरतो. मुळशीचं पाणी तर नदी सोडून उलट्या दिशेला, घाट उतरून भिऱ्याला वीज करायला जातं. मुंबईत कुणी एसी लावला की आपलं पाणी वीतभर लांब गेलं, एवढं धरून चालावं.

म्हणून जागा पाहायला मे महिन्यात जावं. एजंट श्रावण सुचवेल, भाद्रपद सुचवेल, मे महिन्यात त्याच्या घरी लग्न असेल. तरी जावं. पवनेत पाणी उतरलं की बुडालेलं वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि माणसं चालत दर्शनाला जातात. देवळाच्या आणि तुमच्या प्लॉटच्या मधलं सगळं त्या दिवशी जमीन असतं. ही जमीन तुमची नव्हे. धरण भरल्यावर पाणी जिथवर चढतं तिथवरचं क्षेत्र संपादित आहे, आणि सरकारी धरणांवर ते जलसंपदा विभागाचं आहे. पाणी ओसरल्यावर जी ओली माती मोकळी होते तिला गाळपेर म्हणतात आणि ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने कसायला देण्याची पद्धत आहे, बहुधा धरणात जमीन गेलेल्यांना. तेव्हा तुम्ही आरामखुर्ची टाकून ‘प्रायव्हेट बीच’कडे पाहत असाल आणि समोर एखादी मावशी काकड्या तोडत असेल, तर कागद तिच्याकडे आहेत. काकड्या विकत घ्याव्यात. चांगल्या असतात.

या परिस्थितीत धक्का बांधायचा आहे. पक्का बांधला तर भाद्रपदात तो पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात काही मजले उंच, उगाच उभा दिसतो. तरंगता घेतला तर पाण्याबरोबर उतरतो आणि चिखलात बसतो. पुढच्या पावसात तो वर येईलच असं नाही. परवानगीसाठी कार्यकारी अभियंत्यांच्या नावे अर्ज करावा. मसुदा पुढीलप्रमाणे:

‘विषय : खासगी नौका बांधण्यासाठी धक्का उभारण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, माझ्या मालकीच्या जमिनीपासून, शासनाच्या मालकीच्या जमिनीवरून, शासनाच्या मालकीच्या पाण्यापर्यंत माझ्या मालकीचा धक्का बांधण्याचे योजिले आहे. सदर धक्क्यामुळे पाण्याचा कोणताही वापर होणार नसून ते केवळ संध्याकाळी पाहिले जाईल. सबब, परवानगी मिळावी ही विनंती.’

अर्ज शाखा अभियंत्यांकडे अभिप्रायासाठी उतरतो, तिथून उपविभागाकडे चढतो, आणि एखादी त्रुटी घेऊन पुन्हा उतरतो. उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असा अर्थ काढू नये. नोटिसा त्याच कार्यालयातून येतात आणि त्या वेळेवर येतात. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरतो असंही एजंट सांगेल. ग्रामपंचायतीची खरोखरच हरकत नसते. पाणी तिचं नाहीच.

होडी घेताना वल्ह्याची घ्यावी. यंत्रावर चालणारी घेतलीत तर २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा लागतो. त्याने १९१७चा जुना कायदा बाजूला सारला, म्हणजे निदान इंग्रजांना दोष देण्याची सोय गेली. नोंदणी, तपासणी, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, विमा हे सगळं आलं, आणि त्यासाठी मेरीटाइम बोर्ड गाठावं लागतं, म्हणजे मावळातून समुद्राची वाट धरावी लागते. शिवाय पाणी पिण्याचं असेल तर इंजिनाला मुळात हरकत निघते. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि तिची जाळी रात्री पाण्यात असतात. पंख्यात जाळं गुंतलं तर वाद घालू नये, पैसे द्यावेत. लाइफ जॅकेट मात्र खरंच घालावं. एवढी एक सूचना गंमत म्हणून घेऊ नये. धरणाच्या पोटात बुडालेली झाडं आणि घरांच्या भिंती आहेत, तळ अचानक खोल जातो, आणि पोहता येणारेच जास्त धाडस करतात.

गावाशी कसं वागावं याबद्दल थोडं. मुळशीचं धरण टाटांच्या वीज कंपनीचं. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मावळ्यांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, आणि तरी जमीन पाण्याखाली गेली. आज त्याच खोऱ्यात बंगल्यावर राखण करणारा जो माणूस असतो, त्याच्या पणजोबांचं भातखाचर तुमच्या ‘व्ह्यू’च्या मध्यभागी असण्याची शक्यता बरीच आहे. त्याला ‘इथे आधी काय होतं?’ असं पाहुण्यांसमोर विचारू नये. तो सांगतो. गावाची नावं, वाड्यांची नावं, विहीर कुठे होती तेही सांगतो, आणि पाहुणे गप्प बसून जेवतात. त्याचा पगार वेळेवर द्यावा आणि त्याला ‘केअरटेकर मामा’ म्हणू नये.

शेवटी विक्री. हा टप्पा सहसा चौथ्या-पाचव्या वर्षी येतो, नोटीस आली तर आधी. वरसगावच्या काठच्या लवासा या नव्या शहराच्या प्रकल्पाकडे मोठमोठ्या वकिलांची फौज असूनही २०१०मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं आणि २०१८मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली; तुमच्याकडे तर एकच वकील आहे, आणि तोही मेहुणा. तेव्हा उशीर करू नये. गणपतीच्या आठवड्यात, धरण काठोकाठ असताना, फोटो काढून ठेवावेत. ड्रम निळे रंगवून घ्यावेत. जाहिरातीत ‘प्रायव्हेट जेटी’ लिहावं, ‘परवानगी’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नये. गिऱ्हाईक मे महिन्यात येतो म्हणालं तर आपल्या घरी लग्न आहे असं सांगावं. ऐकतच नसेल, तर रात्री आणावं.