चुंबकाची साक्ष

फ्रिज घ्यायला गेलेला मध्यमवर्गीय माणूस आधी रंग बघतो, मग किंमत, मग पुन्हा किंमत, आणि शेवटी दुकानातल्या पोराच्या आग्रहाखातर तारे. ग्रहताऱ्यांचं खातं पूर्वी गुरुजींकडे असायचं. २००६ साली दिल्लीच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने स्टार लेबल आणलं आणि स्वयंपाकघराची पत्रिका तिकडे मांडली जाऊ लागली. हे तारे वक्रीही होतात. निकष मधूनमधून कडक होतात आणि पाच ताऱ्यांच्या तोऱ्यात घरी आलेला फ्रिज नव्या मोजमापात खाली घसरतो. बिचारा वीज पूर्वीइतकीच खातो, इभ्रत तेवढी जाते.

मीरा रोडच्या दुकानात दोन फ्रिज शेजारी उभे होते, दिसायला जुळे. पाच ताऱ्यांचा साडेसहा हजारांनी महाग. "काका, वीज वाचते ना!" मी चष्मा कपाळावर चढवून लेबलं वाचली. तारे ठळक असतात, पण वाचायचा असतो तो वर्षाच्या युनिटांचा आकडा. फरक निघाला साठ युनिटांचा. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला सहाशे. म्हणजे वरचे पैसे वसूल व्हायला जवळजवळ अकरा वर्षं, आणि कॉम्प्रेसरची हमी दहा वर्षांची! इकडे हमी संपणार, तिकडे नफा सुरू होणार.

"दर वाढणारच की, काका," पोरगा म्हणाला. महागाईवर इतकी नितांत श्रद्धा मी आजवर कुणाची पाहिली नव्हती.

बायकोचा तपास वेगळ्याच दिशेने चालला होता. आमच्या आधीच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर शेवटपर्यंत ठणठणीत होता. गेले ते पाय, गंजून. एकीकडे वसईची खाडी, दुसरीकडे मिठागरं, वारा खारा. लेबलवर गंजाचा रकाना नसतो. तिने फ्रिज भिंतीपासून ओढायला लावून मागचा पत्रा पाहिला. मग माझ्याकडून शंभराची नोट मागितली, फ्रिजच्या दारात धरली, दार लावलं आणि नोट ओढली. सुळकन निघाली तर रबर ढिलं, गारवा बाहेर. तीन ताऱ्यांच्या फ्रिजने नोट सोडली नाही. पैसा धरून ठेवणारी वस्तू आमच्या घरात शोभेल, असं म्हणून तिने तोच पसंत केला.

मिक्सरला तर ताऱ्यांची काळजीच नको. साडेसातशे वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं फिरला तरी महिन्याला चार युनिटं होत नाहीत. तिथे पैसे टाकायचे ते मोटर जळू नये म्हणून. सुकं खोबरं वाटताना येणारा तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना हे सांगायला नको.

खरं महाभारत घडलं ते इंडक्शनवरून. गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता आपल्या मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के असावी लागते. उरलेली आच ओटा तापवते आणि मे महिन्यात स्वयंपाक करणाऱ्यालाही. इंडक्शन थेट भांडंच तापवतं. म्हणून माझ्या मुलाने दोन हजारांत एक आणलं. माझ्या आईने आपलं लाडकं पातेलं वर ठेवलं. इंडक्शन दोनदा किंचाळलं आणि बंद पडलं.

आता, भाईंदर म्हणजे स्टीलच्या भांड्यांचं गाव. पूर्वेला गाळ्यागाळ्यांतून पत्रा दाबून पातेली निघतात. आईची सगळी भांडी तिथली, वजनावर घेतलेली, नाव कोरलेली. घेताना तिने प्रत्येकाला चुंबक लावून पाहिला होता: चिकटला तर स्टील हलकं, नाही चिकटला तर चांगलं. कसोटी अगदी बिनचूक नव्हे, पण निराधारही नाही. ३०४ जातीच्या स्टीलमध्ये आठेक टक्के निकेल असतं, त्याला चुंबक धरत नाही. निकेल गाळलेल्या स्वस्त ४३०ला घट्ट धरतो.

आणि इंडक्शनच्या पुस्तिकेत छापलं होतं: चुंबक चिकटेल तेच भांडं वापरा.

फ्रिजवरचा गणपतीपुळ्याचा चुंबक काढून आई जमिनीवर बसली. भांड्यांची परीक्षा सुरू झाली. पातेलं, नापास. डाळीचा टोप, नापास. कधीकाळी हातात धरून लोकलने आणलेली परात, नापास. पास झाली ऑफिसातून दिवाळीला मिळालेली कढई आणि काकूने वास्तुशांतीला दिलेलं पातेलं. त्या पातेल्याला चुंबक असा खटकन बसला की आईने दचकून हात मागे घेतला. "हलकं स्टील दिलंय धाकटीने," हे ती गेली कित्येक वर्षं सांगत आली होती.

भाईंदरच्या दुकानदाराने बुडाला चुंबक चिकटेल असा थर असलेली तिपदरी भांडी दाखवली. तीन भांड्यांत इंडक्शनचे पैसे पुन्हा गेले असते. "आजी, जुनं मोडीत द्या, तीनशे चारला भाव चांगला येतो." भाव ऐकून आई सुखावली आणि पातेलं पिशवीत घालून घरी घेऊन आली.

सध्या इंडक्शनवर काकूचं पातेलं असतं. परवा त्यात दूध तापताना आईने विचारलं, "म्हणजे चुंबक चिकटला तरी ते हलकं ते हलकंच ना?"

"हो."

"मग राहू दे तिथेच."