आधी पिंग मारू

इन्स्ट्रुमेंटवाले काका ओळखायचे ते शर्टाच्या खिशावरून. खिशात टेस्टर, चष्म्याचं घर, निळं बॉलपेन आणि तळाशी इंटरनेटच्या वायरला लावायचे चार-पाच पारदर्शक जॅक. हे जॅक शर्टाबरोबर वॉशिंग मशीनमध्ये जातात, तिथून काकूंच्या हातात आणि तिथून खिडकीबाहेर. काका ते वेचून आणतात आणि पुन्हा खिशात टाकतात.

नवापूर घ्या, दांडी घ्या, आलेवाडी नाही तर मुरबे घ्या, बोईसरच्या पश्चिमेला किनाऱ्यावर असे एक काका प्रत्येक गावात असतातच. बापाची होडी होती, पण हे आयटीआय करून तारापूरच्या एमआयडीसीत लागले. तीस वर्षं फर्स्ट-सेकंड-नाइट करत केमिकलच्या कारखान्यात प्रेशरचे आणि टेंपरेचरचे काटे जागेवर ठेवले. अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपनीने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला. घड्याळ काकांनी त्याच रात्री खोलून पाहिलं.

त्यानंतर गावातले मिक्सर झाले, टीव्हीच्या छत्र्या झाल्या. आता कॅमेऱ्यांचे दिवस आहेत. मुलगा विरारला किंवा शारजाला, घरी आई आणि आजी दोघीच, अंगणात नारळ, स्कूटर आणि बांबूवर जोडीजोडीने जबड्यात जबडा अडकवून सुकत घातलेले बोंबील. तेव्हा चार कॅमेरे लागतातच. त्यांचा रेकॉर्डर कपाटावर बसतो आणि त्याला धूळ लागू नये म्हणून आजी वर क्रोशाचा रुमाल घालतात. काका घरात शिरले की आधी तो रुमाल काढतात. "आजी, त्याला गरम होतं." आजी मान डोलावतात. काका गेले की रुमाल परत जागेवर.

एखादी सकाळ घ्या. फोन येतो, "काका, कॅमेरा बंद पडला." काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं : "कॅमेरा बंद नाही. नेट बंद आहे." हा फरक गावाला पटवण्यात त्यांची निवृत्तीनंतरची बरीच वर्षं गेली. नेट गेलं तरी रेकॉर्डर आपल्या हार्ड डिस्कवर चित्रण करतच असतो, टीव्ही जोडला तर सगळं दिसतं. ऑफलाइन होतो तो शारजातला मुलगा. पण मुलाला दिसत नाही म्हणजे घर उघडं पडलं, असं मुलालाही वाटतं आणि त्याच्यामुळे आईलाही.

"राउटर बंद करून चालू केला का, विचार त्यांना," मुलगा तिकडून ओरडतो. काकांना हा अपमान वाटतो. "प्लांट असा बंद-चालू करतात का? आधी कारण, मग शटडाउन." खरं सांगायचं तर निम्मी दुखणी त्या एका बटणाने बरी होतात आणि काकांना ते चांगलं ठाऊक आहे. म्हणून ते मुलाच्या आईला, म्हणजे वहिनींना, चहा टाकायला पाठवतात आणि वहिनींची पाठ वळली की बटण दाबतात. चहा येईपर्यंत राउटरचे दिवे परत लागलेले असतात. बरं वाटलं, तर श्रेय कारणमीमांसेला जातं.

नाही वाटलं, की मग काकांची खरी शिफ्ट सुरू होते. रेकॉर्डरच्या मागच्या जॅकपाशी दिवा लुकलुकतोय का, ते बॅटरीने बघायचं. मग पिंग. मोबाइलवरून रेकॉर्डरला एक हाक, राउटरला एक हाक, शेवटी ८.८.८.८ ला, म्हणजे थेट गूगलच्या दारात. जिथून 'ओ' येत नाही, तिथे घोडं अडलंय. वहिनींना ते हे पाइपलाइनच्या भाषेत सांगतात. एमआयडीसीचं सांडपाणी वाहून नेणारी वाहिनी नवापूरच्याच समुद्रात उतरते, त्यामुळे पाइप म्हणजे काय आणि तो फुटला की काय होतं, हे या गावाला निराळं शिकवावं लागत नाही.

वायर मात्र काकांचा हळवा विषय. खाऱ्या वाऱ्यात जॅकच्या सोनेरी दातांवर चढलेला हिरवट कळंक ते नखाने दाखवतात. मग ब्लेडने वायरीतली एक तार खरवडतात. वरून लाल, आतून पांढरी. "बघा! तांब्याचं नुसतं पाणी दिलंय. आत ॲल्युमिनियम." दोन बोटांत धरून दोनदा वाकवली की तार कटकन तुटते. नवा जॅक लावताना नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा असे आठही रंग ते ओठांतल्या ओठांत पुटपुटतात. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नसतं. आरतीत बोललेलं चालतं.

इतकं करूनही दिवा हिरवा आणि मोबाइलवर ऑफलाइन. काका चहाचा दुसरा कप घेतात. "नेट कधी बदललं?" गेल्या महिन्यात, जुनं काढून फायबर घेतलं. काकांचा चेहरा एकदम खुलतो. कॅमेरे लावणाऱ्या पोराने रेकॉर्डरला १९२.१६८.१.१०८ हा पत्ता हाताने टाकून ठेवला होता. नवा राउटर बसलाय १९२.१६८.२९.१ वर. "पोस्टमन एकोणतिसाव्या आळीत फिरतोय आणि तुमचं घर पहिल्या आळीत. पत्र येणार कसं?" आजी विचारतात, "मग आता घर हलवायचं?" "नाही. राउटरलाच पत्ता वाटू द्यायचा." मेनूत एका चौकोनावर टिक. एवढ्यासाठी अडीच तास.

पण मेनूत शिरायला पासवर्ड लागतो आणि तो कालनिर्णयच्या मागे, गॅसच्या नंबराखाली लिहिलेला असतो. ॲडमिन १२३. इथे काका २०१६ चा ऑक्टोबर काढतात. त्या महिन्यात 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर असल्याच पासवर्डांनी उघडले, त्यांची फौज केली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास आडव्या पाडल्या. "अमेरिका बंद पडली आजी, अशा डब्यांमुळे." आजी कपाटाकडे नव्या आदराने बघतात.

काकांच्या पोतडीत अशा गोष्टी पुष्कळ. बंद खोलीत बसून कॅमेऱ्यातून लांबचं बघायची युक्ती १९४२ साली जर्मनीत रॉकेटसाठी वापरली गेली, उडवताना फुटलं तर जवळ कुणी नको म्हणून. आणि १९९१ साली केंब्रिजच्या संगणकवाल्यांनी नेटवर्कला जोडलेला कॅमेरा रोखला तो कॉफीच्या भांड्यावर. जिना चढून जावं आणि भांडं रिकामं निघावं, हे टाळायला. रॉकेट, कॉफी आणि नवापूरला बोंबील, हा क्रम काकांना अजिबात उतरता वाटत नाही.

मधेच लाइट जाते. उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून उभं आहे, पण तिथली वीज ग्रिडमध्ये जाते, शेजारी म्हणून गावाला वाटीभर जास्त मिळत नाही. लाइट परत येते तेव्हा रेकॉर्डरचं घड्याळ १ जानेवारी २००० दाखवत असतं. आतला बटणसेल संपलाय. "उद्या चोरी झाली तर पोलीस म्हणतील, चोर तेव्हा बालवाडीत होता," असं म्हणून काका खिशातून सेल काढतात. त्या खिशात सेलही असतो.

आणि मग मोबाइलवर चार चौकोन उघडतात. आजी, वहिनी, शेजारची दोन पोरं आणि काका, सगळे एका स्क्रीनवर वाकतात. तिसऱ्या चौकोनात मांजर. बांबूवर पुढचे दोन पाय टेकवून निवांत बोंबील ओढतंय. त्याच क्षणी शारजाहून फोन : "आई, मांजर!" पाचही जण पडद्याकडे बघून ओरडतात, "हाड् हाड्!" दार चार पावलांवर, उघडंच. शेवटी आजी काठी घेऊन बाहेर जातात. बांबू रिकामा, अंगणात कुणी नाही.

"काका, हे अजून खातंय," आतून पोरगं म्हणतं.

"चार सेकंदांचा लॅग आहे," काका सांगतात, आणि त्याचं कारण शोधायला चष्मा पुसतात.