खारी हवा

धरमतरच्या खाडीकाठी बार्जांच्या कागदपत्रांचा हिशेब ठेवणारी आमची एक कचेरी आहे. नाव सांगत नाही. आमचा सगळा जीव सर्व्हरवरच्या सामाईक 'झेड ड्राइव्ह'मध्ये. हा ड्राइव्ह म्हणजे गावकीचं तळं: पाणी सगळ्यांनी भरायचं, गाळ कोणीच काढायचा नाही. फोल्डरवर क्लिक केलं की वरची हिरवी पट्टी पेणहून सुटल्यासारखी झोकात निघते आणि वडखळ नाका आल्यासारखी थांबते. मग कोणीतरी ओरडतं, "अरे, झेडभाऊंना बोलवा!" हा ओरडणारा बहुधा मीच असतो.

झेडभाऊ प्रत्येक कचेरीत एक असतातच. पगारपत्रकात ते क्लार्क असतात. पण कधी काळी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यांनी न फाडता बाहेर काढला, आणि त्या दिवसापासून कचेरीतली विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू सातबाऱ्यासारखी त्यांच्या नावावर चढली. आमच्या भाऊंच्या पिशवीत टेस्टर, क्रिंपिंग टूल, धूळ झटकायला रंगाचा ब्रश आणि शाळेतल्यासारखं खोडरबर असतं. त्या खोडरबराने ते रॅमच्या पट्ट्यांवरचा काळेपणा पुसतात, आणि मेलेला कॉम्प्युटर उठून बसलेला मी स्वतः पाहिला आहे.

आल्या आल्या ते कॉम्प्युटरकडे बघतच नाहीत, माणसाकडे बघतात.

"दादा, काल चालत होतं?"

"होतं."

"मग कालपासून काय बदललं?"

"काहीच नाही."

या उत्तरावर त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. फौजदाराला जेवढं खोटं ऐकावं लागत नसेल तेवढं भाऊ टेबलागणिक ऐकतात. मग ते टेबलाखाली शिरतात. आपल्याला फक्त दोन तळवे दिसतात आणि आतून जॅक काढल्या-घातल्याचा टक् टक् आवाज येतो. बाहेर आले की काळ्या पडद्यावर 'पिंग' मारतात, म्हणजे सर्व्हरला हाक घालून ओ यायला किती वेळ लागतो ते बघतात. १९८३ साली माइक म्यूस नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरने ही युक्ती केली. पाणबुडी शोधायला पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून 'पिंग' हे नाव पडलं. भाऊ पडद्यावरचे आकडे वाचतात तेही तांडेल खाडीचं पाणी जोखतो तशा नजरेने.

शेवटी उठतात, हात झटकतात आणि निदान सांगतात, "खारी हवा हाय, दादा. जॅकला गंज धरलाय."

निदान दर वेळी हेच. साहेबांकडे खारी हवा, अकाउंट्सला खारी हवा, गेटवर खारी हवा. यात तथ्य नाही असं नाही. वायरीतल्या आठही तारा धड असल्या तर वेग सेकंदाला हजार मेगाबिट. त्यातल्या एकीने जरी दगा दिला तर गाडी शंभरावर येऊ शकते, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. पण एकच औषध सगळ्या रोगांवर देणाऱ्या वैद्याची जेवढी थट्टा व्हावी तेवढी आम्ही भाऊंची करायचो.

त्यात एकदा ते म्हणाले, "झेड भरतीला मंद होतो." कचेरी हसून हसून लोळली. भाऊंनी कॅलेंडर काढलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. पौर्णिमेच्या दिवशी अकराला ड्राइव्ह खरोखरच गळाठला. गूढ काही नव्हतं. मुंबई बंदरातल्या मोठ्या जहाजांवरून डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा नि लोहखनिज घेऊन बार्ज येतात, ते पाण्याबरोबर. बार्जांबरोबर कागद येतात, आणि मग सगळी टेबलं एकाच रजिस्टरवर तुटून पडतात. ज्याला आम्ही मानाने सर्व्हर म्हणतो ते विंडोज सेव्हनचं साधं मशीन. एका वेळी वीस जोडण्या ही त्याची मर्यादा. एकविसावा दारात ताटकळतो आणि भाऊंच्या नावाने खडे फोडतो.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला आणि आपल्याच जिल्ह्यात न्हावा शेव्याला मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. दुसऱ्या दिवशी भाऊंनी कोणाला न विचारता फाइल शेअर करायची जुनी पद्धत, एसएमबी-वन, बंद करून टाकली. हा व्हायरस शिरायच्या वाटांपैकी एक वाट तिथूनच जायची. आम्ही वाचलो की नाही ते कळायला मार्ग नाही, पण आमचा जुना स्कॅनर तेवढा मुका झाला. साहेब तीन दिवस फणफणत होते. भाऊ म्हणाले, "खारी हवा, साहेब."

परवा भाऊ चहाला गेले आणि त्यांची वही टेबलावर उघडी राहिली. तारीख, टेबल, खरं कारण, सांगितलेलं कारण, असे चार रकाने. मी वाचू नये असं वाटेपर्यंत माझं वाचून झालं होतं.

'साहेब: नातवाच्या बारशाचे फोटो झेडवर, तीन हजार.' 'अकाउंट्स: बंद पडलेल्या सर्व्हरचा वाय ड्राइव्ह अजून जोडलेला, मशीन आधी त्याची वाट बघत बसतं.' 'गेट: खुर्चीचा पाय वायरीवर.' चौथा रकाना खालपर्यंत एकच: खारी हवा, खारी हवा, खारी हवा. खरा गंज सबंध पानात दोनदाच.

सगळ्यात खाली मी होतो. 'दादा: फोनचा बॅकअप झेडवर, दर तासाला. पेणच्या गणपतींचे व्हिडिओ, ४१ जीबी.' चौथा रकाना अजून कोरा होता.

इतक्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. "झेड आज पुन्हा का रखडतोय?"

भाऊ चहाचा कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी मीच बोललो.

"साहेब, हवाच खारी आहे इथली."

आणि हळूच फोनची वायर काढली.