कव्हर आहे का, शेठ?

जुन्या दिवाळी अंकांना कसर लागते, वाळवी लागते, हे खरंच. पण त्यांची खरी वाट लावली ती रसिकांनी. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' काढला. मुखपृष्ठावरची ती डौलदार बाई लोकांना एवढी आवडली, की कात्रीनं कापून ती भिंतीवर गेली आणि अंक रद्दीत. त्यामुळे नंदुरबारच्या रद्दीत मला कथा, कविता, वार्षिक राशिभविष्य सगळं मिळतं. दलाल तेवढे मिळत नाहीत. मुखपृष्ठ शाबूत असलं की खुशाल समजावं, तो अंक त्या घरात कुणाला आवडलेला नव्हता. माझा संग्रह अरसिकांच्या कृपेवर उभा आहे.

मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या 'आवाज'ची तर दैनाच. त्याच्या खिडकीचित्रात वरून भलतंच काहीतरी दिसायचं आणि पान उलटलं की प्रकरण अगदी सोवळं निघायचं. घरातला प्रत्येक जण इतरांची नजर चुकवून ती खिडकी उघडणार. मग ती टिकणार कशी? खिडकी धड असलेला 'आवाज' दिसला की मला त्या कुटुंबाची काळजी वाटते.

"कव्हर आहे का, शेठ?" असं विचारलं की रद्दीवाला म्हणतो, "कव्हरचं वजन ते किती भरणार?" गुजरातची हद्द जवळ असल्यानं गठ्ठ्यात 'चित्रलेखा'ही असतोच, रद्दीवाल्याच्या काट्यावर सगळे एका भावाचे. शिवाय इथले अंक माळ्यावर मिरचीच्या पोत्याशेजारी मुरलेले. उघडले की करुण कथेपर्यंत जायच्या आतच डोळ्यांना धारा.

रघुवीर मुळगावकरांची गोष्ट वेगळी. त्यांची देवीची चित्रं भिंतीवर नाही, थेट देवघरात गेली. आमच्या शेजारच्या आजींची लक्ष्मी ही मूळची एका अंकाचं मुखपृष्ठ. कुंकवाखालून सही अजून दिसते. मी फ्रेम उलटी करून पाहिली, तर मागे केशतेलाची जाहिरात.

"काय करी ऱ्हायना भाऊ?" आजी कडाडल्या.

बदल्यात मी बाजारातून नवीकोरी, सोनेरी चौकटीची लक्ष्मी आणून दिली. आजींनी ती डोक्याला लावून घेतली, जुनीच्या शेजारी मांडली आणि मला प्रसाद दिला. आता त्यांच्याकडे दोन आहेत.